सशाच्या बिल्ल्याची बाटली

पुलाच्या अलीकडं बाटली आडवी, पलीकडं उभी, आणि मधे पत्र्याच्या खोपटात मी. अकरा पावसाळे मी तिथं बसलो. लोक मला नाक्यावरचे आबा म्हणायचे. कामशेतचे एक मास्तर आहेत, ते म्हणाले, आबा, दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाचं लिहून द्या, लोकांना गंमत वाटेल. गंमत आहे थोडी. ती आधी सांगतो. पुढचं ज्याला वाचवेल त्यानं वाचावं. मी चौथीत शाळा सोडली. मास्तरांना म्हणालो, ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही बघा, पण माझा शब्द बदलायचा नाही. बदलला तर अंक परत पाठवीन.

बाटली आडवी म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला सांगायला पाहिजे. आमच्या गावात देशी दारूचं दुकान होतं. बायांनी अर्ज केला, सरकारनं मतदान घेतलं. मत फक्त बायांचं. चिठ्ठीवर दोन चित्रं, एक उभी बाटली, एक आडवी. उभीवर शिक्का मारला तर दुकान राहणार, आडवीवर मारला तर बंद होणार. माझी धाकटी बहीण हिरा महिनाभर घरोघर फिरली. पार वरच्या वस्तीवरच्या म्हाताऱ्या हाताला धरून तिनं शाळेपर्यंत आणल्या. आडवी निवडून आली. दुकानाला कुलूप लागलं, त्या दिवशी बायांनी गुलाल उधळला, तो मी माझ्या डोळ्यांनी बघितला.

पण ओढ्यावरचा पूल ओलांडला की दुसरी ग्रामपंचायत. तिथं मतदान झालंच नाही, म्हणून बाटली उभीच. तिथं परमिट रूम, तिच्या दारात भुर्जीची गाडी. पुढं लोणावळा, तिथं नगरपालिका, तिथं तर वळणावळणाला पाट्या. घाट उतरला की रायगड जिल्हा, त्याचा कलेक्टर निराळा, हुकूम निराळा. पावसाळ्यात आमच्या कलेक्टरनं धरणाकाठी, धबधब्यावर दारू न्यायला बंदी केली की गाडीवाले काच खाली करून विचारायचे, "खाली खोपोलीकडं आहे का हो बंदी? नसेल तर तिकडं जातो." डोंगर तोच, पाऊस तोच, बाटलीतला मालही तोच. पण पिणारा चार कोस सरकला की गुन्हेगाराचा गिऱ्हाईक होतो. हे मला अजून नीट समजलेलं नाही, आणि ज्यांनी कायदे केले त्यांना समजलं असेल असंही वाटत नाही.

नाका झाला तो काचेमुळं. धरणाकडं जाणारा रस्ता आमच्या गावातून जातो. मंडळी धरणावर बसून पिणार आणि येताना रिकामी बाटली भाताच्या खाचरात भिरकावणार. काच चिखलात बुडते, वरून दिसत नाही. आवणीला, म्हणजे भात लावायला, बाया अनवाणी उतरतात. एका साली हिराच्या टाचेत बोटाएवढी काच गेली. डॉक्टरनं सहा टाके घातले. ती पाय बांधून तिसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात. तेव्हा पंचायतीनं ठरवलं, पुलाशी बांबू आडवा टाकायचा आणि दारू गावात येऊ द्यायची नाही. मी पंचायतीचा जुना शिपाई. जन्मभर दवंडी दिली, नळाचं पाणी सोडलं, कुणाची एक शिवी ऐकून घेतली नाही. म्हणून ते काम माझ्यावर आलं.

पहिल्याच आठवड्यात मी दोन पोरांच्या बाटल्या हिसकावून ओढ्यात ओतल्या. त्यांनी फौजदार आणला. फौजदार भला माणूस. खोपटात चहा पीत म्हणाला, "आबा, तुमच्या गावातलं दुकान बंद झालंय. लोकांच्या पिशवीतली बाटली बंद झालेली नाही. परवाना असेल तर ती त्याची वस्तू. उघड्यावर प्याला तर मला कळवा, पण हिसकावून घ्यायचा अधिकार तुम्हाला नाही."

"मग मी काय नुस्ता रामराम घालू का गाड्यांना?"

"मागून घ्या. जपून ठेवा. परत जाताना परत करा."

असा मी बाटल्यांचा राखणदार झालो. देवळाबाहेर चपला सांभाळतात तसा. बहुतेक मंडळी द्यायची. म्हाताऱ्या माणसानं हात पुढं केला की शहरातला माणूस ओशाळतो, हे मी लवकर ओळखलं.

कामाची माझी रीत होती. खडूचे आकडे पावसात पुसले जायचे, म्हणून बिल्ले केले. तेलाच्या डब्याचा पत्रा गोल कापून त्यावर अंगणवाडीच्या जुन्या तक्त्यातली चित्रं चिकटवली. आंबा, हत्ती, छत्री, गाढव, ससा. प्रत्येकाची जोडी. एक बिल्ला बाटलीच्या गळ्यात, दुसरा मालकाच्या हातात. बाटली आधीच उघडलेली असेल तर मालकासमोर दारूच्या पातळीला लाल दोरा बांधायचा. येताना त्यानं बघायचं, दारू दोऱ्याला लागलेली आहे का. अकरा पावसाळ्यांत एका थेंबाची तक्रार आली नाही. पाण्याच्या बाटलीतून पांढरी दारू नेणारेही असायचे. मी बाटली जोरात हलवायचो. पाण्याचा बुडबुडा लगेच फुटतो, दारूचा मणी काठाला रेंगाळतो. मी कधी थेंब चाखला नाही, पण बुडबुडा मला फसवू शकला नाही.

ते बिल्ले कापून दिले दाजींनी. दाजी म्हणजे हिराचा नवरा, दत्तोबा. हिरा गावातल्या गावातच दिलेली. खाचराचा दगडी बांध घालावा तर दाजींनीच. दगड हातात घेऊन दोनदा फिरवणार आणि अशी जागा देणार की पाण्याला बोटभर फट सापडायची नाही. वडिवळ्यापर्यंतची माणसं त्यांना बोलवायला यायची. आणि तीस वर्षं रोज पिणारा माणूस. मारझोड नाही, शिवीगाळ नाही. संध्याकाळ झाली की निमूट पूल ओलांडायचे आणि निमूट परत यायचे. गावातलं दुकान बंद झालं त्यानं दाजींचं एवढंच झालं, की चालणं वाढलं.

बिल्ले कापताना म्हणाले, "भाऊ, मला कुठल्या चित्राखाली ठिवणार?"

म्हणालो, "गाढवाच्या."

"मग जोडीचं दुसरं गाढव तुमच्याकडंच राहील की!"

सगळा नाका हसला. मीसुद्धा.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. पुण्याचे एक चष्मेवाले गृहस्थ म्हणाले, "कुठल्या कलमाखाली मागताय?" मी फळीवरचा बिस्किटाचा डबा काढून त्यांच्यापुढं उघडला. त्यात खाचरातून वेचलेल्या काचा होत्या. वर हिराच्या टाचेतली, तिचा डाग मी धुतला नव्हता. गृहस्थांनी मुकाट एक बाटली दिली, आणि मग डिकी उघडून मी न बघितलेली दुसरीही दिली.

सुरतेकडचे एक शेठ होते. त्यांच्या राज्यात दारू मुळातच बंद. बाटली माझ्या हातात देताना ते हळवे झाले, लेकीला सासरी धाडावं तसे. जाताना म्हणाले, "काका, हमारे यहाँ मिलती नहीं. तुम्हारे यहाँ मिलती है, पर पीने नहीं देते. तो अच्छा गाँव किसका?"

मी म्हणालो, "जिसके खेत में काँच नहीं, उसका."

हे उत्तर मी पुढं खूप जणांना सांगितलं. मला ते लय आवडायचं.

आता पुढचं.

माझ्या नवव्या पावसाळ्यात आवणी उरकली आणि हिरानं दाजींना समोर बसवून सांगितलं, एक तर पूल, नाहीतर घर. दाजी स्वतः नाक्यावर आले. शुद्धीत होते. म्हणाले, "भाऊ, सोडली म्या आजपास्नं. पर माझा माझ्यावर भरवसा न्हाई. मी पाया पडलो तरी मला ह्या पुलावरनं जाऊ देऊ नका."

मी म्हणालो, "दाजी, शब्द हाय माझा."

हिरा मागं उभी होती. तिनं पदरानं डोळे पुसले. मला इतकं बरं वाटलं त्या दिवशी. वाटलं, बायांनी बाटली आडवी केली ती कागदावर, खरी आडवी आज आपण केली.

दाजी दिवसभर माझ्याजवळ पायरीवर बसून राहिले. घाम येत होता. हात कापत होते, तेही थट्टेवारी नेत होते. "बघा भाऊ, ढोलकी वाजवतोय." दुपारी गोव्याची एक गाडी आली. आजोबा, आजी, सुना, नातवंडं. आजोबांनी काजूची फेणी आणलेली, ती हसत माझ्याकडं दिली. त्यांचं मराठी जरा निराळं, पण समजत होतं. म्हणाले, आमच्याकडे जेवणाआधी पेलाभर घेतो, सगळ्यांसमोर घेतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण झिंगून रस्त्यात पडला तर त्याच्याकडे मुलगी देत नाहीत. बोलता बोलता त्यांची नजर दाजींच्या हातांवर गेली. मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "सोडून किती दिवस झाले?"

"आज पहिला."

"आणि पितात किती वर्षं?"

"तीस."

"एकदम तोडू नका हो. माझा धाकटा भाऊ असाच गेला. थोडी थोडी कमी करा, नाहीतर डॉक्टरांकडे नेऊन ठेवा. हे पिण्यापेक्षा वाईट असतं."

मी त्यांच्याकडं बघितलं, हातातल्या फेणीकडं बघितलं. मनात म्हणालो, पिणारा पिणाऱ्याचीच बाजू घेणार. त्यांना म्हणालो, "तुमचा मुलूख वेगळा, आमचा वेगळा."

ते आणखी काही बोलणार होते. सुनेनं हाक मारली, ते गेले. संध्याकाळी परत जाताना छत्रीचा बिल्ला देऊन बाटली घेतली आणि दाजींना नमस्कार करून गेले. मला केला नाही.

दुसऱ्या दिवशी दाजी जेवले नाहीत. अंगाला मुंग्या लागल्यात म्हणून अंगावरून हात फिरवत होते. भिंतीवर बोटानं दगड रचत होते. लोक म्हणाले, बाहेरचं लागलंय, देवऋषी बोलवा. मी म्हणालो, काही लागलं नाही, दारू उतरतीय, उद्या माणूस चांगला होईल. गावात त्या दिवसांत माझा शब्द चालायचा. तोच चालला.

तिसऱ्या दिवशी सकाळी रिमझिम होती. हिरा दाजींना दंडाला धरून नाक्यावर घेऊन आली. दाजी मला ओळखत होते, पण आपण कुठं आहोत ते त्यांना कळत नव्हतं. म्हणाले, "भाऊ, बांध फुटला. पानी शिरतंय. कुदळ द्या लवकर." त्यांनी दारू मागितली नाही. हे मी मुद्दाम लिहितोय. दाजींनी शेवटपर्यंत मागितली नाही.

मागितली हिरानं.

"दादा, त्यातला एक घोट दे ह्यांना."

माझ्या मागं फळीवर बाटल्या. शनिवार होता, फळी भरलेली.

"हिरे, तू मागतीस?"

"मी मागते. माझ्या त्वांडानं मागते. पायजे तर गावाला सांग. पर दे."

"आडवीवर शिक्का कुणी मारला व्हता?"

"म्या मारला. दुकानावर मारला. ह्यांच्यावर न्हाई मारला, दादा."

तिनं फळीच्या टोकाला बोट दाखवलं. तिथं सशाच्या बिल्ल्याची बाटली होती, अर्धी, लाल दोरा बांधलेली. आठ दिवसांपूर्वी मुंबईच्या चार पोरांनी ठेवलेली. पोरं धरणाच्या पलीकडच्या रस्त्यानं परस्पर निघून गेली असणार, परत आली नव्हती.

"ती बेवारशी हाय. तिचा मालक यायचा न्हाई आता."

मी म्हणालो, "लोकांची ठेव हाय ती. मालक आल्याबिगर झाकण उघडायचं न्हाई."

"मग बांबू वर कर. मी पलीकडं नेते ह्यांना."

"दाजींनी शब्द घेतलाय माझ्याकडनं."

हिरा भांडणात कुणाला हार जाणारी बाई नाही. पण तिचे दोन्ही हात दाजींना धरण्यात गुंतले होते. तिनं एकदा बाटलीकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि वळली. दाजी जाताना रस्त्याकडेचे दगड पायानं चाचपत होते, बसलेत का नीट ते बघत.

दुपारी घरी त्यांना झटके आले. गावातली जीप काढली. मी मागं दाजींचं डोकं मांडीवर घेऊन बसलो, हिरा पायाशी. कामशेत यायच्या आधीच सगळं थंड झालं.

तिथल्या डॉक्टरनं तपासून मान हलवली. मग मला बाहेर नेऊन समजावलं. "आबा, इतकी वर्षं रोज पिणाऱ्याची एका दिवसात बंद करायची नसते. मेंदू सहन करत नाही. दवाखान्यात ठेवून औषधांवर उतरवावी लागते. हात कापायला लागले तेव्हाच आणायचं."

मी विचारलं, "आन् सकाळी घोटभर दिली असती तर?"

तो म्हणाला, "वाचलेच असते असं मी म्हणणार नाही. दवाखान्यापर्यंत पोचले असते कदाचित."

कदाचित. डॉक्टर शिकलेला माणूस, त्यानं मोजून शब्द दिला. मला तो आजवर पचलेला नाही.

दहाव्याला पलीकडच्या परमिट रूमचा मालक आला होता. त्याच्याशी मी कधी बोलायचो नाही. तो हळूच म्हणाला, "आबा, माझ्याकडं असली माणसं लय येतात. हात कापायला लागले की आम्हाला कळतं. मी स्वतः गाडीत घालून नेलं असतं." पुलापलीकडं ते सगळ्यांना ठाऊक होतं, भुर्जीवाल्यालासुद्धा. गोव्याच्या म्हाताऱ्यालाही ठाऊक होतं. आमच्या गावात कुणाला नव्हतं. आम्हाला दोनच चित्रं माहीत, उभी आणि आडवी.

म्हणून बंदी चुकीची होती असं कुणी माझ्या तोंडून काढू बघेल तर ते निघायचं नाही. उद्या पुन्हा मतदान झालं तरी मी बायांच्याच बाजूनं दवंडी देईन. खाचरात आता काच सापडत नाही. पोरींचे पाय शाबूत आहेत. बंदी बरोबर होती. मी चुकलो. ह्या दोन्ही गोष्टी एकाच नाक्यावर झाल्या, त्याला माझा इलाज नाही.

नंतर मी दोन पावसाळे बसलो. कामाची रीत तेवढी बदलली. गावातला माणूस पुलाकडं निघाला की आधी त्याचे हात बघायचे. कापत असले तर बांबू वर, आणि जीप बोलवायची, डॉक्टरकडं. तिघांना असं नेलं. तिघंही आहेत. एकजण परत प्यायला लागला. असू दे. आहे तर खरा.

सशाची बाटली मी फळीवरून हलवली नाही. पहिल्या भाऊबीजेला हिरा येईल असं वाटलं नव्हतं. आली. ओवाळलं. उठताना उंबऱ्यात थांबून एवढंच म्हणाली, "आला का दादा, तिचा मालक?"

मी म्हणालो, "न्हाई."

"बरं," म्हणाली आणि गेली.

पुढच्या पावसाळ्यात तो आला. मुंबईचा पोरगा, अंगानं भरलेला, बायको बरोबर. गाडीतून उतरून हसत हसत पत्र्याचा बिल्ला माझ्यापुढं धरला. ससा. म्हणाला, "आजोबा, ओळखलंत का? सीट साफ करताना सापडला. म्हटलं बघू तरी, अजून आहे का."

मी बाटली काढून त्याच्यापुढं ठेवली. दारू दोऱ्याला लागलेली होती. केसाचा फरक नाही.

तो बघतच राहिला. "अरे वा! तशीच ठेवलीत? मी तर तेव्हाच म्हणालो होतो तुम्हाला, नाही परत आलो तर कुणाला तरी देऊन टाका."

मी म्हणालो, "म्हणाला व्हता?"

"हो की. तुम्ही म्हणालात, आमच्यात कुणाला लागत न्हाई."

बायकोनं हॉर्न वाजवला. तो म्हणाला, मी सोडलीय आता, ओता तुम्हीच. बिल्ला फळीवर ठेवून गेला.

तो म्हणाला असेल. मी तसंच उत्तर दिलं असेल, ते बोलणं माझंच आहे. हिरानं बोट दाखवलं त्या सकाळी मला ते आठवत नव्हतं का? किती रात्री मी हा प्रश्न उलटासुलटा केला. कधी वाटतं, नव्हतं आठवत. कधी वाटतं, आठवत होतं आणि तरी मी म्हणालो, लोकांची ठेव हाय. ती ठेव नव्हतीच. ती दिलेली होती. दाजींच्या तोंडात आणि तिच्यात फक्त माझा हात होता.

आता नाक्यावर पंचायतीनं पगारी माणसं बसवलीत, कॅमेरा लावलाय. मी घरी असतो. बाटली माझ्या ट्रंकेत आहे, गळ्यात दोन्ही ससे बांधलेत. ओतवली नाही.

हिरा दर भाऊबीजेला येते. ओवाळते, उंबऱ्यात थांबते आणि विचारते, "आला का दादा, तिचा मालक?" आणि तो येऊन गेल्यावरही दर साली मी सांगितलंय, "न्हाई आजून." ती दर साली "बरं" म्हणते. तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. म्हणून इथं सांगितलं.

हिराला वाचता येत नाही. तिची नात दहावीत आहे, ती तिला माझं लिहिलेलं वाचून दाखवणार, तसं ठरलंय. अंक भाऊबीजेच्या आधी गावात येईल असं मास्तर म्हणालेत.

मी सकाळीच पाट मांडून बसणार आहे.